हवालदारांचं इंग्रजी

१९४७ सालच्या मार्गशीर्षात, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, सांगलीच्या हळदपेठेतल्या एका वखारीत तार आली. ती वखारीच्या पहारेकऱ्याच्या नावाची होती. त्यांनी सही करून ती घेतली, उघडली, वाचली आणि घडी करून फेट्याच्या आतल्या पदरात ठेवली. त्यांचा मुलगा काश्मीरच्या सरहद्दीवर मारला गेला, असं तारेत होतं. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ते आमच्या कचेरीत आले, इंग्रजी पेपरातल्या एका शब्दाखाली बोट टेकवलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "बाबूसाब, ह्यो गडी काय म्हणतोय?"

शब्द ‘कॉन्व्हॉय’ होता. मी अर्थ सांगितला: पहाऱ्याखाली जाणारा गाड्यांचा तांडा. ते म्हणाले, "व्हय, बरोबर," आणि उठून गेले. तारेचं मला अकरा दिवसांनी कळलं.

पेठेत त्यांना सगळे हवालदार म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. वय पन्नाशीच्या अलीकडे. गाव शिराळ्याच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या भाषेत खालसा, संस्थानाबाहेरच्या सरकारी मुलखात. नोकरी सांगली संस्थानात. घरी जाता-येता त्यांना संस्थानची हद्द ओलांडावी लागे. नाक्यावरचा शिपाई गाठोडं चाचपून सोडून देई. या हद्दीबद्दल ते कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आमचं साप्ताहिक होतं. त्या जूनपासून ते आठवड्यातून दोनदा निघायला लागलं, कारण बातम्या मावेनात. मुंबईचा इंग्रजी पेपर दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेवरून यायचा. त्यातल्या बातम्यांचं मराठी करणं हे माझं काम. जुलै-ऑगस्टात बहुतेक मजकूर एकाच गोष्टीचा असे: देशाच्या मधून रेघ कुठून जाणार. ‘सरहद्द’ हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला, की खिळे जुळवणाऱ्या आमच्या कंपॉझिटरकडे ‘द्द’चे खिळे कमी पडायला लागले. त्यानं पलीकडच्या छापखान्यातून मूठभर उसने आणले. तेही पुरले नाहीत, तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, आता जरा सीमा लिहा. हद्द झाली."

हवालदार पहिल्यांदा आले ते जुलैत. दारातच टाचा जुळवून उभे राहिले. अंगावर हळदीची पूड होती, भुवयांवरसुद्धा. म्हणाले, "पेपर बघायला मिळंल का? इंग्रजी."

"वाचता येतं?"

"अक्षरं येत्यात. गडी वळखीचं न्हाईत."

ते खरं होतं. फौजेत शिपायांना रोमन अक्षरांत हिंदुस्तानी लिहायला-वाचायला शिकवत. हवालदारांनी त्याची परीक्षा दिलेली होती. त्यामुळे इंग्रजी पेपरातली कुठलीही ओळ ते खणखणीत आवाजात वाचत. मात्र ‘फोर्स’ला ‘फोरसे’ म्हणत, ‘लाइन’ला ‘लिने’. जन्मभर कानांनी ओळखलेले शब्द डोळ्यांना परके होते. मी ‘लाइन’ म्हणालो, तेव्हा ते थोडा वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. "हीच व्हय ती?" म्हणाले. "वीस वरसं पलटनीच्या हिच्यातच ऱ्हायलो की."

दिवसाला एक शब्द, असा त्यांनी स्वतःच नेम घातला. दुपारी वखारीची दारं तासभर बंद असत, तेवढ्यात येत. पोत्यांवर खुणा करायचा खडू त्यांच्या खिशात असे. परत गेल्यावर वखारीच्या दाराच्या आतल्या फळीवर शब्द लिहीत: डावीकडे रोमन, उजवीकडे बाळबोध. मी एकदा जाऊन पाहिलं. फळी निम्मी भरलेली होती.

‘बाउंडरी’ समजावायला मला वेळ लागला नाही. बांध म्हटल्यावर त्यांना पुढचं सगळं कळलं.

"मग मोजणीदार कोन?"

"विलायतेहून आणलाय."

"त्यानं रान बघितलंय का कधी?"

"नाही. यापूर्वी या देशात आलेलाच नाही म्हणतात."

"मग बांध घालणार कशावर?"

"नकाशावर."

हवालदारांनी पेपराची घडी घातली. "आमच्यात भाऊ-भाऊ साखळी धरून दिवसभर उन्हात उभं ऱ्हात्यात, तरी दुसऱ्या साली बांध कोरतोय एकजण. कागदावरचा बांध टिकंल व्हय?"

ऑगस्टाच्या मध्यानंतर निकाल जाहीर झाला. इंग्रजी पेपरात त्याला ‘अवॉर्ड’ म्हटलं होतं. हवालदारांना फौजेमुळे अवॉर्ड म्हणजे बक्षीस ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "कुनाला मिळालं?" कंपॉझिटर आतून हसला. मी हसलो नाही, कारण त्याच बातमीच्या खाली दुसरी बातमी होती आणि ती मला चार वाजायच्या आत मराठीत करून द्यायची होती. तिच्यात माणसांचे आकडे होते.

कंपॉझिटरला ते चिडवायला बरे सापडले होते. "हवालदार, साहेब लोक निघाले बोटीत बसून. आता इंग्रजी शिकून कुणाशी बोलणार?"

"मानसं गेली," हवालदार म्हणाले. "तार इंग्रजीतच येती न्हवं?"

त्यांना काय हवं होतं, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते सांगताना ते उभेच होते.

पहिल्या महायुद्धात त्यांचा थोरला भाऊ बसऱ्याकडे लढायला गेला. आषाढ संपता संपता गावात तार आली. गावात इंग्रजी वाचणारे शाळामास्तर एकटे. त्यांनी तार वाचली आणि घरी न जाता पाटलाकडे गेले. नागपंचमी पाच दिवसांवर होती. शिराळ्याच्या भागात पंचमी म्हणजे वर्षाचा सण. आणि सुतकाचा नियम असा, की लांबचं मरण कळलं त्या घडीपासून सुतक. कळलं असतं, तर सबंध भावकीचा सण गेला असता, नागाची पूजा राहिली असती. पाटील, मास्तर आणि भावकीतले चार म्हातारे बसले. पंचमी होऊ द्यायची ठरलं.

"आई पंचमीला फेर धरून नाचली," हवालदार म्हणाले. "लय नाचली. पोराचं पत्र येनार, पत्र येनार म्हनून. आनि फेराच्या भवतीनं समदं गाव उभं. निम्म्या गावाला ठावं हुतं. मास्तर बी उभं हुतं."

"मग?"

"सहाव्या दिशी सांगितलं. आई त्यानंतर सतरा वरसं जगली. पंचमीला घराच्या भाईर आली न्हाई. मास्तरांशी बोलली न्हाई." मग ते म्हणाले, "मास्तर वाईट न्हवतं. समद्यांनी सांगितलं तसं केलं त्यानं."

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, आपल्या घरची तार गावात जाऊ द्यायची नाही. ती आपल्या हातात यायची, आपण वाचायची, आणि पायात वहाण घालून सरळ घर गाठायचं. मुलगा पलटणीबरोबर पंजाबात होता. घरच्या पत्त्याऐवजी वखारीचा पत्ता नोंदवून घ्यावा, असा अर्ज त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतला. खाली रोमनमध्ये सही केली.

सरहद्दीच्या बातम्या ते एवढ्यासाठी वाचत. तारेतले शब्द तिथेच भेटतात, हे त्यांना फौजेत राहून माहीत होतं. किल्ड, वूंडेड, मिसिंग हे तीन त्यांनी पहिल्या पंधरवड्यातच विचारून घेतले. कार्तिकात ‘रिग्रेट’ आला. निर्वासितांच्या गाडीबाबत सरकारचा खुलासा होता.

"दिलगिरी," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"वाईट वाटणं."

"सरकारला?"

"हो."

"कवापास्नं?"

त्यांनी शब्द पुटपुटत पाठ केला आणि गेले.

तोवर पलटण पंजाबातून काश्मीरकडे हलली होती. मुलाचं एक पत्र आलं, त्यात बर्फाबद्दल होतं. बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. रजा मिळणार नाही, माझ्यासाठी लग्न पुढं ढकलू नका, असंही होतं. ते पत्र हवालदारांनी मला दाखवलं. मराठीत होतं, तरी त्यांना दाखवायचं होतं.

मंगळवारी तार आली. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी लग्न होतं.

मंगळवार ते शुक्रवार हवालदार रोज कचेरीत आले. मंगळवारचा शब्द वर दिला आहे. बुधवारी ‘रेडर’, म्हणजे हल्लेखोर, विचारला. गुरुवारी काही विचारलं नाही, बाकावर बसून राहिले. कंपॉझिटरनं चहा पुढे केला तो घेतला नाही. कंपॉझिटर म्हणाला, "पोरीचं लग्न आलं, आता आमचा पाहुणचार तुम्हाला नको, तुम्हीच आम्हाला जेवायला घाला." ते म्हणाले, "या की. दोघंबी या." शुक्रवारी त्यांनी ‘फ्रंटिअर’, म्हणजे सरहद्दच, विचारला आणि शनिवारी सकाळच्या मोटारीनं गावी गेले. या चार दिवसांत मला काही वेगळं दिसलं नाही. मी बातमीदार होतो, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

लग्नाला मी एकटा गेलो. सांगलीहून इस्लामपूर, तिथून शिराळ्याची मोटार, पुढे दोन मैल चालत. मांडवात गर्दी होती. हवालदार मांडवाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याला रामराम करत होते. नवा फेटा होता, कपाळाला गंध नव्हतं.

कन्यादानाला ते बसले नाहीत. गुडघा धरलाय म्हणाले. त्यांच्या जागी त्यांचा चुलतभाऊ आणि त्याची बायको बसली. हवालदारांची बायको माझ्यामागेच उभी होती. ती शेजारणीला म्हणाली, "वरीसभर कवा दुखला न्हाई, आजच बरा दुखायला लागला गुडघा." मग मोठ्यांदा, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आवं, पाट उंच देऊ का?" ते वळले नाहीत.

अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या हातात अक्षता नव्हत्या. हे मी पाहिलं.

जेवणाच्या आधी बायकांनी नाव घ्यायचा आग्रह सुरू केला. नवरीनं घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, "वैनीनं घ्यावं आता. नवरा लांब असला म्हनून सुटका न्हाई." वैनी म्हणजे हवालदारांची सून. हिरवं लुगडं, वीस-एकवीस वर्षांची. ती आधी नाही नाही म्हणाली, मग हातातलं ताट खाली ठेवून एका दमात म्हणाली:

"बर्फाच्या डोंगरावर उभी हाय पलटन,
...रावांचं नाव घेते, हातात माझ्या कंकन."

नाव मी इथे लिहीत नाही. सगळे हसले. "पलटन समदी आनलीस की गं लगनाला," एक म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. मी हवालदारांकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हते. मांडवामागे गाड्या सोडल्या होत्या, तिथे एका बैलाला वैरण घालत होते. बैलापुढे वैरण होतीच.

ते जेवले नाहीत. मला वाढताना मात्र स्वतः पुढे आले. "पोटभर जेवा बाबूसाब. लांबनं आलाय," म्हणाले.

गुरुवारी सकाळी वऱ्हाड नवरीला घेऊन गेलं. मी आदल्या संध्याकाळीच निघालो होतो.

शनिवारी हवालदार सांगलीला आले आणि वखारीत न जाता कचेरीत आले. डोकं भादरलेलं होतं. फेट्यातून तार काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख होती. मी ती दोनदा पाहिली.

"वाचली," ते म्हणाले. "येक गडी अडला न्हाई."

कंपॉझिटर हातातला खिळा ठेवून उठला आणि परत बसला.

"मला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर बोललो असतो. बोललो असतो, तर मी बी ऐकलं असतं." हे ते अगदी सरळ सांगत होते. "सुतक ऐकल्यावर लागतंय. मी ऐकलं न्हवतं, बाबूसाब. निस्तं वाचलं हुतं."

"मग अक्षता का टाकल्या नाहीत?"

तार उचलून त्यांनी तिची घडी घातली.

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. वऱ्हाडाच्या गाड्या ओढ्यापलीकडे गेल्यावर त्यांनी बायकोला आणि सुनेला घरात बोलावलं. दार लावलं. तार काढली आणि आधी सगळी इंग्रजीत वाचली, मोठ्यानं. त्या दोघींना काही कळेना. सुनेला वाटलं, रजा मिळाल्याची तार आहे. ती पदर सावरून उभी राहिली. मग त्यांनी एकेका शब्दाचा अर्थ सांगितला, कचेरीत मी सांगत असे तसा. चौथ्या शब्दाला सून खाली बसली.

बायको रडली नाही. तिनं विचारलं, "कवा आली?"

"नऊ दिस झालं."

मग म्हणाली, "शिकलासा ते ह्याच्यासाठी व्हय?"

हे सांगून हवालदार म्हणाले, "मास्तरांनी पाच दिस दाबली. मी नऊ." मग टाचा जुळवल्या आणि गेले.

त्यानंतर ते कचेरीत आले नाहीत. वखारीतली नोकरी चालूच होती; पेठेतून जाताना ते दारात दिसत, मी हात करी, तेही करत. माघात एकदा मी आत गेलो, तेव्हा दाराच्या फळीवर काही लिहिलेलं नव्हतं. त्याच सुमारास संस्थान विलीन झालं आणि नाक्यावरची चौकी उठली. ती बातमी मीच लिहिली. काश्मीरच्या बातम्याही वर्षभर लिहिल्या आणि लढाई थांबल्याचीही लिहिली. एखाद्या दुपारी दोन वाजता मी पेपर बाकाच्या बाजूला सरकवून ठेवत असे. कंपॉझिटर तो उचलून जागेवर ठेवी.

१९४९ च्या चैत्रात एका सकाळी वखारीचे दिवाणजी आमच्याकडे आले. हवालदार पोत्यांच्या थप्पीला टेकून बसल्या जागी गेले होते. गावी कुणीतरी जायला हवं होतं. त्यांचं घर पाहिलेला मी एकटाच, म्हणून मी निघालो. माणसांना घेऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं.

गावाच्या वेशीवर त्यांचा चुलतभाऊ भेटला, कन्यादानाला बसलेला तोच. तो भावकीतल्या दोघा-तिघांबरोबर एका उंच बांबूला रंगीत कापड गुंडाळत होता. जोतिबाच्या चैत्री यात्रेला गावची सासनकाठी जाते, ती नाचवत न्यायचा मान या भावकीचा. मला एकट्याला, त्या वेळी, त्या वाटेनं येताना पाहून तो उठला. माझं तोंड उघडायच्या आत त्यानं दोन्ही हात वर केले.

"काय बोलू नका, पावनं. तुमी काय बोलला न्हाई, मी काय ऐकलं न्हाई."

"अहो, पण घरी..."

"परवा काठी निघतीया. दोन दिसांचा सवाल हाय. तुमच्या पाया पडतो. माघारी जावा. तिकडं बघून घ्या काय ते. परवा काठी वेशीभाईर पडली की मी सोता येतो."

बाकीचे बांबू धरून तसेच उभे होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एकजण हळूच म्हणाला, "गावाचा मान हाय, साहेब. तुमी शानं मानूस."

मी त्यांना ओलांडून घरापर्यंत गेलो. चुलतभाऊ मागून येत होता, पण अंतर ठेवून. हवालदारांची बायको अंगणात शेणी लावत होती. तिनं मला ओळखलं. हात तसेच ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे, मग माझ्यामागे थांबलेल्या दिराकडे बघितलं. दिरानं तिला मानेनं काहीतरी खुणावलं.

"सांगा," ती मला म्हणाली.

मी सांगितलं. चार शब्द लागले.

ती घरात गेली नाही. शेणानं भरलेले हात घेऊन रस्त्यावर आली, जिथून वेस दिसते तिथे. दगडी पायरीवर तिनं दोन्ही मनगटं आपटली आणि बांगड्या फोडल्या. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हवालदारांचं नाव घेतलं, जे तिनं तोवर कधी उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, आणि ते गेले म्हणून सांगितलं. सून आतून धावत आली. शेजारच्या घरांची दारं उघडली.

सकाळचे साडेअकरा झाले होते. त्या वर्षी त्या गावची सासनकाठी निघाली नाही.